जिथे तीन जिल्हे भेटतात: जुन्नर-आंबेगावच्या शिवेवरील दोन ठिपके

पुणे जिल्ह्याच्या वायव्य कडेला, सह्याद्रीच्या माथ्यावर, तीन-तीन जिल्ह्यांच्या हद्दी एकत्र येतात अशा दोन जागा आहेत. पहिली जुन्नर तालुक्याच्या उत्तर टोकाला, हरिश्चंद्रगडाच्या परिसरात. तिथे पुणे, ठाणे आणि अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) हे जिल्हे भेटतात. दुसरी आंबेगावच्या पश्चिम अंगाला, भीमाशंकरच्या अरण्यात. तिथे पुणे, ठाणे आणि रायगड एकत्र येतात.

नकाशावर दोन्ही जागा सारख्याच दिसतात: तीन तुटक रेषा येतात आणि एका ठिपक्यात मिळतात. इतिहास मात्र दोहोंचा अगदी निराळा आहे. एक ठिपका पाण्याने ठरवला, तर दुसरा १८९१ साली सरकारी कचेरीत ठरला. हा धागा त्या दोन ठिपक्यांविषयी, आणि त्यांच्या आधी इथली शीव ज्यांनी सांभाळली त्यांच्याविषयी आहे.

परदेशांत अशा जागा शोधत रानोमाळ हिंडण्याचा एक छंदच आहे. झुडपांत दडलेला, अक्षरे झिजलेला हद्दीचा दगड सापडला की त्या मंडळींचा दिवस सार्थकी लागतो. खिशातल्या मोबाइलवर जिल्ह्याची रेषा दिसू लागल्यावर सह्याद्रीतल्या भटक्यांनाही तो मोह होणे साहजिक आहे. पण इथे नुसता दगड शोधून भागत नाही. शीव कोण ठरवत असे आणि कोण लक्षात ठेवत असे, हे आधी शोधावे लागते.

पहिला ठिपका समजून घ्यायचा तर हरिश्चंद्रगडावर पडणाऱ्या पावसाचा माग काढावा. गडाचा माथा सुमारे १,४२० मीटर उंच. पश्चिमेला कोकणकड्याखाली ठाणे जिल्ह्याचा मुरबाड तालुका आहे. त्या बाजूचे पाणी काळू नदीतून उल्हासला मिळते आणि वसईच्या खाडीतून अरबी समुद्रात जाते. दक्षिणेला, जुन्नर तालुक्यातील खिरेश्वराकडे उतरणारे पाणी पिंपळगाव जोगे धरणात साठते. तिथून कुकडी, घोड, भीमा, कृष्णा असा लांबचा प्रवास करून ते बंगालच्या उपसागराला पोहोचते. गडाच्या माथ्यावरून निघणारी मंगळगंगा तिसरीच वाट धरते. ती मुळेला मिळते, मुळा प्रवरेला आणि प्रवरा गोदावरीला.

म्हणजे एकाच सरीतले तीन थेंब हातभर अंतरावर पडले, तर त्यांपैकी एक कोकणाचा होतो, दुसरा कृष्णेचा आणि तिसरा गोदावरीचा.

याचे कारण डोंगरांच्या रचनेत आहे. सह्याद्रीचा मुख्य कणा दक्षिणोत्तर धावतो आणि कोकण व देश यांना वेगळे करतो. हरिश्चंद्रगडापाशी त्याला पूर्वेकडे जाणारा फाटा फुटतो. हीच हरिश्चंद्र-बालाघाट रांग. ती गोदावरी आणि भीमा यांच्या खोऱ्यांमधली भिंत आहे. या दोन भिंती जिथे एकमेकींना टेकतात, त्याच परिसरात तीन जिल्हे भेटतात. जिल्ह्याची रेषा सगळीकडे पाणलोटाला काटेकोर धरून चालते असे नाही. एखादी वाडी किंवा एखादे कुरण तिला इकडेतिकडे ओढते. तरीही या ठिपक्याचे मूळ पाण्यात आहे, याविषयी शंका घेण्यास जागा नाही.

पाण्याची ही वाटणी जुन्या लोकांना ठाऊक होती आणि त्यांनी ती आपल्या पद्धतीने नोंदवूनही ठेवली. कुकडीच्या उगमाशी, जुन्नर तालुक्यातील पूर गावी, कुकडेश्वराचे मंदिर आहे. हरिश्चंद्रगडावर मंगळगंगेच्या उगमाशी हरिश्चंद्रेश्वर आहे. प्रवरेच्या उगमाजवळ रतनवाडीला अमृतेश्वर आहे. गोदावरी ते भीमा या पट्ट्यात नद्यांच्या उगमाशी झंज राजाने बारा शिवालये बांधली, असे परंपरा सांगते.

झंज हा उत्तर कोकणचा शिलाहार राजा. दहाव्या शतकाच्या आरंभी चौलला आलेल्या अल मसूदी या अरब प्रवाशाने त्याचा उल्लेख केला आहे. झंजाने स्वतःच्या नावाने शंकराची बारा मंदिरे बांधल्याची नोंद शके १०१६ मधील खारेपाटण ताम्रपटात सापडते. आज उभी असलेली मंदिरे शैलीवरून त्याच्या नंतरची दिसतात. तेव्हा ताम्रपटातली बारा आणि परंपरेतली बारा ही तीच होत, असे म्हणता येत नाही. परंपरेच्या मांडणीत मात्र एक शहाणपण आहे: प्रत्येक खोऱ्याच्या माथ्यावर एकेक देव बसवला, की खोऱ्यांची सुरुवात कुठे होते हे कोणाला विसरता येत नाही.

हरिश्चंद्रगडाची सर्वांत जुनी हद्दीची खूण कदाचित याहून साधी असेल. खिरेश्वराहून गडावर जाणारी वाट टोलार खिंडीतून जाते. खिंडीच्या अलीकडे पुणे जिल्हा, पलीकडे कोथळे गाव आणि अकोले तालुका. या खिंडीत दगडावर कोरलेला वाघ आहे. गडाकडे निघालेल्यांपैकी बहुतेक जण त्याच्याजवळ दम खायला थांबतात, फोटो काढतात आणि पुढे जातात. आपण एका जिल्ह्यातून दुसऱ्यात पाऊल टाकले, हे फार थोड्यांच्या ध्यानात येते.

या डोंगरपट्ट्यात वाघोबा हा शिवेचा देव आहे. महादेव कोळी आणि इथले इतर आदिवासी आश्विन वद्य द्वादशीला वाघबारस करतात. गुराखी शिवेवरील वाघोबापुढे जमतात, नैवेद्य दाखवतात आणि गुरांचे रक्षण मागतात. वाघ गावाचा नसतो आणि रानाचा देव गावात बसत नाही. त्याची जागा दोहोंच्या मधल्या रेषेवरच असते. शासनाचा दगड हद्द कुठे आहे एवढेच सांगतो. वाघोबाचा दगड हद्द ओलांडल्यावर जबाबदारी कोणाची, हेही सांगतो.

इथून दक्षिणेला, जुन्नर आणि मुरबाड यांच्या सांध्यावर, नाणेघाट आहे. तिथल्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे, आणि घाटमाथ्यावर दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात पडत, अशी समजूत आहे. समजूत खरी असो वा नसो, घाटाच्या तोंडाशी सत्ता हजर होती हे लेण्यातला लेख स्वच्छ सांगतो. कोकण आणि देश यांच्यातली ही सीमा सव्वाशे-दीडशे वर्षांची नाही. कोणतेही कलेक्टर ऑफिस होण्याच्या सुमारे दोन हजार वर्षे आधी या कड्यावर एक राज्य आपली ओळख कोरून बसले होते.

आता थोडे खाली, गावात उतरू. जिल्ह्याची हद्द ही शेवटी गावांच्या शिवांचीच लांबलचक साखळी असते. ‘शीव’ हा शब्द ‘सीमा’ वरून आला आणि ‘शिवार’ त्याच घरातला. शिवेवरून तंटे झाले की काय करावे, याचा विचार स्मृतिकारांनी बारकाईने केलेला आहे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात सांगितले आहे की सीमेचा निर्णय ज्येष्ठ महिन्यात करावा, कारण तेव्हा खुणा उघड्या दिसतात. सीमेवर वड, पिंपळ, पळस, सावर अशी दीर्घायुषी झाडे लावावीत. शिवाय जमिनीखाली गुप्त खुणा पुराव्यात: दगड, हाडे, भुसा, राख, खापऱ्या, विटा, कोळसे, वाळू. मातीत लवकर न कुजणाऱ्या किंवा वेगळ्या ओळखू येणाऱ्या वस्तूंची ही यादी आहे. वरची खूण कोणी हलवली तरी खालची साक्ष द्यायला उरते.

ज्येष्ठाचा सल्ला आजच्या भटक्यानेही ऐकण्याजोगा आहे. श्रावणात याच माथ्यावर कारवी आणि गवत पुरुषभर वाढते, धुके उतरते आणि दहा पावलांवरचा कडाही दिसेनासा होतो.

पण झाडे पडतात, दगड सरकतात. म्हणून खरी खूण माणसाच्या स्मरणात ठेवली जाई. मराठी मुलखात हे काम महार वतनदाराकडे होते. गावाची शीव कुठून कुठे जाते हे त्याला ठाऊक असले पाहिजे, अशी रूढी होती. दोन गावांत तंटा झाला तर गोतसभेपुढे त्याची साक्ष मोलाची मानली जाई. साक्षीनेही निकाल लागला नाही तर शपथ घेऊन, डोक्यावर माती धरून, खऱ्या शिवेवरून चालून दाखवण्याचा रिवाज होता. तो चालेल ती शीव. खोटे चालला तर दैवी कोप होईल, या भयावर सारी व्यवस्था उभी होती.

इथे जरा थांबले पाहिजे. ज्याला गावकुसाच्या आत घर बांधायची मुभा नव्हती, त्याच्याच पावलांवर गावाची सीमा ठरत होती. गावाच्या जमिनीची सर्वांत पक्की माहिती असणाऱ्याच्या वाट्याला गावात सर्वांत खालची जागा होती. या वतनाच्या कामांत राबणुकीला अंत नव्हता. म्हणूनच डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदे मंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. कनिष्ठ गाव वतने रद्द करणारा कायदा १९५८ साली झाला. शिवेचे ज्ञान हा मान होता असे सांगणाऱ्यांनी हे दुसरे पानही वाचावे.

स्मरणावर शीव सोपवणारा मराठी मुलूख एकटा नव्हता. इंग्लंडमध्ये पॅरिशची हद्द दरवर्षी चालून पाहत. सोबत मुलांना नेत आणि हद्दीच्या दगडांपाशी त्यांना छडी मारत किंवा दगडावर आपटत, म्हणजे म्हातारपणीही त्यांना ती जागा आठवावी. प्राचीन रोममध्ये हद्दीच्या दगडाचा टर्मिनस नावाचा देवच होता आणि २३ फेब्रुवारीला त्याचा सण होई. त्या दिवशी शेजारी शेतकरी आपापल्या बाजूने दगडाला हार घालत. आपल्या वाघबारशीपासून हे फार लांब नाही.

१८१८ मध्ये पेशवाई संपली आणि स्मरणाची जागा मोजणीने घ्यायला सुरुवात केली. पहिला मोठा प्रयत्न प्रिंगल या अधिकाऱ्याचा. त्याची आकारणी इतकी चुकीची निघाली की ती मोडीत काढावी लागली. त्यानंतर गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३५-३६ मध्ये पुणे जिल्ह्यातीलच इंदापूरपासून नवी मोजणी सुरू केली. तीच पुढे मुंबई इलाखाभर पसरली. ३३ फुटांची साखळी, तिचे सोळा आणे. साखळीचा चौरस म्हणजे गुंठा आणि चाळीस गुंठ्यांचा एकर. आजही सातबाऱ्यावर आपण त्याच साखळीने मोजलेली जमीन वाचतो. शेताच्या कोपऱ्यांवर दगड किंवा मातीचे उंचवटे, आणि दोन शेतांच्या मध्ये न नांगरलेली पट्टी राखणे बंधनकारक झाले. महारांच्या पावलांना जे ठाऊक होते ते आता कागदावर आले.

याच काळात दख्खनची आकडेवारी गोळा करणारा कर्नल साइक्स हरिश्चंद्रगडावर पोहोचला होता. कोकणकड्यासमोरच्या ढगांत त्याला पूर्ण वर्तुळाकार इंद्रधनुष्य आणि त्यात स्वतःची सावली दिसली. १८३५ साली छापलेल्या निबंधात त्याने ते नमूद केले. आज गिर्यारोहक त्याला इंद्रवज्र म्हणतात. मुलूख मोजायला आलेल्या माणसाने नेमक्या जिल्ह्यांच्या सांध्यावर स्वतःलाच ढगात पाहावे, हा योगायोग मोठा मौजेचा आहे.

साखळी मात्र शेतापुरती चालली. घाटमाथ्यावर, कड्यांत आणि दाट रानात तिला फारसे काम नव्हते. तिथे कागदावरची हद्द होती, पण प्रत्यक्षात सत्तेचा हात सैल होता. या सैलपणाचा अर्थ डोंगरातल्या माणसांना चांगला कळत होता.

राघोजी भांगरे हे अकोले तालुक्यातील देवगावचे महादेव कोळी नायक. १८४० च्या दशकात नगर, नाशिक, पुणे आणि ठाणे या चार जिल्ह्यांच्या डोंगरात त्यांचे बंड पसरले. शेवटी ते पंढरपुरात पकडले गेले आणि २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी देण्यात आली. पंचवीस वर्षांनी तीच गोष्ट आंबेगावातून पुन्हा सुरू झाली. जांभोरीचे होनाजी केंगले यांनी १८७३ पासून सावकारांविरुद्ध उठाव केला. पुण्याचा वायव्य भाग, नगर व नाशिकचा पश्चिम भाग आणि ठाण्याचा डोंगराळ भाग हे त्यांचे क्षेत्र. १८७६ मध्ये ते पकडले जाईपर्यंत त्यांच्यामागे खास पोलीस दल लावावे लागले.

दोन्ही बंडांच्या प्रदेशांवर आजची जिल्ह्यांची रेषा आखून पाहावी. बंडखोरांचा मुलूख कोणत्याही एका जिल्ह्याच्या पोटात नव्हता; तो जिल्ह्यांच्या कडांनी बनलेला होता. कलेक्टरसाठी जी राज्याची कड होती, ते महादेव कोळ्यांचे घर होते. त्यांचे सोयरे, त्यांची कुरणे, त्यांचे देव कड्याच्या दोन्ही अंगांना होते. सावकाराचे कागद मात्र तालुक्याच्या गावी होते, आणि कर्जाच्या दाव्याची सुनावणीही डोंगराखालच्या कोर्टात होई.

आता दुसऱ्या ठिपक्याकडे. भीमाशंकरच्या माथ्यावर पाण्याचा हिशेब केला तर तीन वाटा निघत नाहीत, दोनच निघतात. पूर्वेचे पाणी भीमा आणि घोड यांतून कृष्णेला जाते. पश्चिमेचे सारे पाणी उल्हासचे. मुरबाडकडे उतरलेले ओढे असोत की कर्जतकडे उतरलेले, शेवटी दोन्ही उल्हास खोऱ्यातच येतात. मग इथे तिसरा जिल्हा आला कुठून?

तो फायलीतून आला. कुलाबा हा स्वतंत्र जिल्हा १८६९ मध्ये झाला, तेव्हा कर्जत त्यात नव्हते. पनवेल १८८३ पर्यंत आणि कर्जत १८९१ पर्यंत ठाणे जिल्ह्यातच होते. तोवर भीमाशंकरच्या कड्याखालचा सगळा कोकणपट्टा एकाच जिल्ह्याचा होता आणि माथ्यावर दोनच हद्दी भिडत होत्या. १८९१ मध्ये कर्जत तालुका कुलाब्याला जोडला गेला आणि रानात तीन जिल्ह्यांचा ठिपका उमटला. एक झाड हलले नाही, एका ओढ्याने वाट बदलली नाही. पुढे १९८१ मध्ये कुलाब्याचे नाव रायगड झाले. तेव्हाही रानाला पत्ता लागला नसेल.

वाटांनी मात्र ही विभागणी कधी मनावर घेतली नाही. कर्जतच्या खांडसहून शिडी घाट आणि गणपती घाट भीमाशंकरला चढतात. मुरबाडच्या खोपिवलीहून निघणारी वाट आंबेगावातल्या आहुपे गावी माथ्याला येते. १९८५ मध्ये घोषित झालेले भीमाशंकर अभयारण्यही पुणे, ठाणे आणि रायगड अशा तिन्ही जिल्ह्यांत पसरलेले आहे. शेकरू एका झाडावरून दुसऱ्यावर उडी घेते तेव्हा कोणत्या जिल्ह्यातून कोणत्या जिल्ह्यात गेले, हे विचारण्यात अर्थ नाही. ठिपका शोधायला जाणाऱ्याने मात्र वनखात्याची परवानगी आणि वाटा माहीत असलेला स्थानिक माणूस, दोन्ही सोबत घ्यावे. दोन्ही ठिपके कड्याच्या अंगाला आहेत आणि मोबाइलवरची रेषा कड्याची खोली दाखवत नाही.

हद्दीचा एखादा दगड सापडलाच तर त्याला हात लावू नये. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये हद्दी आणि हद्दीच्या खुणा यांसाठी स्वतंत्र प्रकरण आहे. खुणा जपण्याची जबाबदारी त्यात नेमून दिलेली आहे आणि खुणेची नासधूस केल्यास दंड आहे.

आंबेगाव तालुक्याचीच गोष्ट पाहिली तर हद्द किती चंचल असते हे आणखी लख्ख दिसते. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या गॅझेटियरमध्ये आंबेगाव हा खेड तालुक्याचा पेठा, म्हणजे पोटविभाग, आहे. नंतर तो वेगळा तालुका झाला आणि त्याचे मुख्य ठाणे घोडेगावला आहे. ज्या आंबेगावावरून तालुक्याला नाव मिळाले, ते मूळ गाव आज डिंभे धरणाच्या पाण्याखाली आहे. तालुक्याची हद्द जागेवर आहे आणि तिला नाव देणारे गावच जागेवर नाही.

डिंभे हे कुकडी प्रकल्पाच्या पाच धरणांपैकी एक. येडगाव, माणिकडोह, वडज आणि पिंपळगाव जोगे ही उरलेली चार. पाचही धरणे जुन्नर-आंबेगावच्या भूमीत आहेत. त्यांचे पाणी शिरूरला, तिथून पुणे जिल्हा ओलांडून पारनेर, श्रीगोंदा, कर्जत आणि सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळ्यापर्यंत जाते. (हे कर्जत नगरचे, भीमाशंकरखालचे नव्हे. एकाच नावाचे दोन तालुके या धाग्यात यावेत, हा मराठी भूगोलाचा खास खोडकरपणा.) आवर्तन कधी सोडायचे आणि कोणाला किती द्यायचे, यावरून पुणे आणि नगर यांच्यात उन्हाळ्यामागून उन्हाळे वाद होत आले आहेत. ज्यांची जमीन आणि गावे धरणांत गेली ते वरच्या अंगाला आहेत, आणि कालव्याच्या शेपटाशी वाट पाहणारे शेतकरी खालच्या अंगाला.

हरिश्चंद्रगडाच्या माथ्यावर नगर जिल्ह्याकडे पाठ फिरवून दक्षिणेला उतरलेले पाणी पिंपळगाव जोगे धरणात थांबते. त्यातला काही वाटा डाव्या कालव्याने पारनेर तालुक्यात पोहोचतो, म्हणजे पुन्हा नगर जिल्ह्यातच.